वरातीमागून मैना

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. घोड्यांशी माझा संबंध जुना आहे. चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये आग्र्याहून सुटकेचा प्रवेश होता, मास्तरांना पेटाऱ्याबरोबर एक घोडाही पाहिजे होता, आणि दोन पोरं वाकवून वर आमच्या आईची तपकिरी सोलापुरी चादर टाकली की घोडा होतो असा त्यांचा हिशेब होता. पुढचं अर्धं अंग पहिल्या नंबराच्या मुलाला मिळालं. मागचं मला. प्रयोगाच्या वेळी पुढचा डावीकडं वळला, मला चादरीखाली काहीच दिसत नव्हतं म्हणून मी सरळ चालत राहिलो, घोडा मधोमध दुभंगला आणि महाराज झालेला मुलगा धाडकन खाली बसला. औरंगजेबाला जे जन्मभर जमलं नाही ते मी करून दाखवलं.

त्यानंतर 34 वर्षं एका बँकेत कॅशच्या काउंटरवर काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि घरात पंख्याखाली बसलो. निवृत्त माणूस घरात बसला की बायकांना तो फर्निचरसारखा वाटू लागतो, म्हणजे दर शनिवारी हलवून खालचं झाडून काढायचं. अशाच एका शनिवारी, पाय वर घेतलेल्या अवस्थेत, पुण्याच्या मुलानं दिलेल्या मोबाइलवर मला तो व्हिडिओ दिसला. गोल कुंपणात एक म्हातारा अमेरिकन, डोक्यावर टोपी, हातात काहीच नाही. आणि अर्ध्या तासापूर्वी उधळलेला रानटी घोडा त्याच्या मागं मागं असा चाललेला की जणू उधारी मागायची आहे. चाबूक नाही, लगाम नाही, ओरडणं नाही. तो म्हातारा म्हणजे मॉन्टी रॉबर्ट्स. 1989 साली त्यानं विंडसरला खुद्द इंग्लंडच्या राणीपुढं हीच करामत करून दाखवली होती. मी पाय खाली ठेवले. फडा पायावरून गेला तरी मला कळलं नाही.

पुढचे दोन महिने मी झोपलो नाही. या विद्येला तिकडं नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात. मी त्याचं मराठी करून घेतलं, घोड्याच्या कलानं घेणं. टॉम डोरन्स आणि रे हंट ही त्यातली जुनी घराणी. त्यांचं म्हणणं असं की घोड्याला मोडून काढू नका, त्याला प्रश्न विचारा आणि उत्तर द्यायला वेळ द्या. मग कळलं की सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीसच्या झेनोफननंही हेच लिहून ठेवलंय, जबरदस्तीनं केलेलं काम घोड्याला कळत नाही आणि ते सुंदरही दिसत नाही. आपल्याकडं तर अश्वविद्येचा शालिहोत्र ऋषी पार पुराणकाळातला. एवढ्या लोकांनी सांगून ठेवलंय आणि आपण अजून घोड्याशिवाय जगतोय, याची मला लाज वाटू लागली. शिवाय एकबुर्जी धरणाच्या रस्त्याला आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे, सोयाबीन झाल्यावर मोकळीच पडलेली. घोडामैदान जवळच होतं. नव्हता फक्त घोडा.

आता जरा भूगोल. आमच्या वाशिम जिल्ह्यात एक मालेगाव आहे, घरापासून वीसेक किलोमीटर. बायकोला मी ‘मालेगावला जाऊन येतो’ एवढंच सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त माझ्या मनातलं मालेगाव हिंगोली, नांदेड ओलांडून लोहा तालुक्यातलं होतं, जिथं मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्या-गाढवांचा मोठा बाजार लागतो. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीचा बाजार याहून नावाजलेला, पण तिथले एकेक मारवाडी घोडे अशा किमतीला जातात की माझी ग्रॅच्युइटी ऐकून त्यांनी तोंड फिरवलं असतं. बायको म्हणाली, ‘‘येता येता दही आणा.’’ मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलो. दही विसरलो होतो.

बाजारात काय झालं ते सांगतो, पण आपल्यातच राहू द्या. जनावरांचा सौदा रुमालाखाली होतो, दलाल रुमालाखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबतो, एक बोट म्हणजे अमुक, दोन म्हणजे तमुक, बघणाऱ्याला काही कळत नाही. हे मला माहीत होतं. कुठलं बोट म्हणजे किती हे माहीत नव्हतं. एका मोठ्या मिशांच्या व्यापाऱ्यानं एक बदामी घोडी दाखवली, कपाळावर चांदणी, गळ्याखाली भोवरा. ‘‘देवमण हाये बाबूजी, घरात लक्ष्मी येते,’’ म्हणाला. वय सात. मी जाणकारासारखे तिचे दात पाहिले. तिनं माझे पाहिले. तिच्या मानानं माझे बरेच कमी भरले असावेत, कारण तिनं सुस्कारा टाकला. मग रुमालाखाली दलालाचा हात आला आणि मला वाटलं सौद्याआधी हस्तांदोलन करतात, म्हणून मी त्याची पाचही बोटं दोन्ही हातांनी प्रेमानं धरली आणि चांगली हलवली. सभोवार एकदम शांतता पसरली. दलालानं आयुष्यात एवढा उदार माणूस पाहिला नसावा. पाच बोटं म्हणजे 50 हजार.

घोडीचं नाव मैना. ती आली छोट्या हत्तीतून. टेम्पोला आपल्याकडं छोटा हत्ती म्हणतात हे आमच्या आळीतल्या पोरांना नव्यानं आठवलं आणि ‘काका हत्तीवरून घोडी घेऊन आले’ अशी बातमी आमच्याआधी घरी पोचली. बायको दारात उभी. तिनं एकदा घोडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग आत गेली, कुंकवाची कोयरी आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली, मैनेच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. मला भरून आलं. मग ती म्हणाली, ‘‘दही?’’

शेतावर मी गोल कुंपण केलं. पुस्तकात 50 फूट व्यासाचं सांगितलंय, भक्कम, घोड्याच्या डोक्याएवढं उंच. भक्कम म्हणजे लोखंडी. मी तुराट्या आणि पऱ्हाट्यांचं केलं, कारण रुमालाखाली माझं बजेट गेलं होतं. पद्धत अशी: घोड्याला कुंपणाच्या कडेनं पळू द्यायचं, आपण मधोमध खांदे रुंद करून, नजर त्याच्या डोळ्याला लावून उभं राहायचं. थोड्या वेळानं घोड्याचा आतला कान आपल्याकडं वळतो. मग तो रिंगण लहान करतो, मग जीभ बाहेर काढून चघळल्यासारखं करतो, मग मान खाली घालतो. याचा अर्थ, मी बोलणी करायला तयार आहे. तेव्हा आपण नजर काढायची, पाठ फिरवायची, आणि तो आपणहून येऊन आपल्या खांद्यामागं उभा राहतो. या मिलनाला मॉन्टी रॉबर्ट्स ‘जॉइन-अप’ म्हणतो.

पहिल्या दिवशी मी मधोमध उभा राहिलो, खांदे रुंद केले, नजर लावली. मैनेनं पळायला सुरुवातच केली नाही. ती कुंपणापाशी गेली, एक तुराटी उपसली, चावून पाहिली, टाकली, दुसरी उपसली. अर्ध्या तासात दार नव्हतं तिथं दार झालं. पण तिचा आतला कान माझ्याकडं वळलेला होता! आणि थोड्या वेळानं तिनं ओठ चाटले, जीभ फिरवली, तोंड चघळल्यासारखं केलं. मी आनंदानं जवळजवळ ओरडलो. बांधावर आमच्या गावातले जुने टांगेवाले चाचा बसले होते. वाशिमात टांगे होते तेव्हा त्यांचा टांगा स्टेशनवर उभा असायचा. ते शांतपणे म्हणाले, ‘‘बाबूजी, तिनं आत्ता पावशेर हरभरा खाल्ला. दातात अडकला असंन.’’

चाचांनी मग तिचे दात नीट पाहिले आणि वय सोळा काढलं. व्यापाऱ्यानं ते दुसऱ्या कुठल्या गणितानं सात केलं होतं.

पुढचा धडा दाब आणि सूट. हा सगळ्या विद्येचा कणा आहे, आणि मी तो पाठ केला होता. घोड्याला हलवायचं तर आधी हलका दाब द्यायचा, म्हणजे दोरीचं टोक हलवायचं किंवा नुसतं एक पाऊल पुढं टाकायचं. त्यानं ऐकण्याचा विचार जरी केला तरी त्या क्षणी दाब काढायचा. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटतो त्यानं शिकतो. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरते, इतकी त्याची जाणीव बारीक, मग आपण कशाला आरडाओरड करायची? मी दोरी हलवली. मैना एक पाऊल माझ्याकडं आली. मी दचकून एक पाऊल मागं गेलो. ती अजून एक पाऊल आली. मी अजून मागं. आठवड्याभरात तिची प्रगती विलक्षण होती. नुसती मान वर केली तरी मी बांधापर्यंत जायचो, आणि मग तिथंच पडलेल्या पोत्यातली चंदी ती निवांत खायची.

चाचांनी आठ दिवस पाहून निकाल दिला. ‘‘तुमची पद्धत चांगली हाये बाबूजी. घोडी बराबर शिकवून राहिली. फक्त शाळेत कोण हाये ते तुमाले उमजलं नाई.’’

त्यांनी मग जे सांगितलं ते हुबेहूब अमेरिकन पुस्तकातलं होतं, आणि चाचांना अमेरिका कुठल्या नाक्याकडं आहे तेही माहीत नाही. कळपात मोठा तो, ज्यानं दुसऱ्याचे पाय हलवले. ज्याचे हलले तो लहान. तिनं मला आठ दिवसांत पायानं लहान केलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी मागं सरून तिला सूट दिली होती, म्हणजे शाबासकी. हे सगळं मी रात्री बायकोला समजावून सांगितलं, दाब कसा हलका सुरू करायचा, हळूहळू कसा वाढवायचा, ऐकलं की लगेच कसा काढायचा आणि दोन शब्द गोड बोलायचे. ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘मंग मी बत्तीस वर्षं काय करून राहिले?’’

मी गप्प जेवलो. ‘‘आज वांग्याची भाजी छान झालीय,’’ म्हणालो. ती हसली. सूट मिळाली.

इथं एक कबुली. हा सगळा काळ बायको रोज सकाळी तोबरा भरून शेतावर यायची, मैनेच्या मानेला खरारा करायची, तिच्याशी घरातल्या गोष्टी बोलायची, सुनेचा फोन, डाळीचे भाव, माझी ढेकर. मैना डोळे अर्धे मिटून खालचा ओठ लोंबता सोडायची. घोडं निश्चिंत झालं की असं करतं. मी जवळ गेलो की तोच ओठ आवळला जायचा. मी पुस्तकात पाहिलं, कारण सापडलं. घोड्याला दोन्ही बाजूंनी जवळजवळ सगळं गोल दिसतं, पण अगदी कपाळासमोर आणि अगदी शेपटीमागं त्याला दिसत नाही. बायको बाजूनं, खांद्याकडून जायची. मी मित्रत्वाच्या भावनेनं थेट समोरून, हात पसरून. म्हणजे माझं दिसणं तिच्या लेखी असं की कोणीतरी अचानक नाकाशी उगवलंय. ‘घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये’ ही म्हण मी नोकरीत पाठ केली होती. घोड्याच्या पुढूनही जाऊ नये हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि साहेबाच्या मागून गेल्यानं तरी कुठं बढती मिळाली?

पुढं भीती मोडायचा धडा. काठीला प्लॅस्टिकची थैली बांधायची, घोड्याभोवती फडफडवायची, तो बिचकला तरी थांबायचं नाही, शांत उभा राहिला की लगेच काढायची. मी थैली फडफडवली. शेजारच्या शेतातल्या बैलजोडीनं दोरखंड तोडला, दोन शेळ्या विहिरीच्या काठापर्यंत गेल्या, सालगड्याचं कुत्रं संध्याकाळपर्यंत परत आलं नाही. मैना थैलीकडं पाहून जांभई देत होती. मग मी पत्र्याचा डबा वाजवला. तिचे कान ताठ झाले. मी आणखी जोरात वाजवला. आणि मग, वाचकहो, माझ्या डोळ्यांदेखत मैनेनं पुढचा उजवा पाय उचलला, मान कमानीसारखी वळवली आणि जागच्या जागी नाचायला लागली.

चाचांनी कपाळाला हात लावला. ‘‘बाबूजी, ही वरातीची घोडी हाये.’’

सगळा उलगडा झाला. ती फटाक्यांना भीत नव्हती, डीजेला भीत नव्हती. तिचं आयुष्य त्यातच गेलं होतं. पाठीवर बसलो की ती बरोबर दहा पावलं चालायची आणि थांबायची, कारण वरात दहा पावलं चालते आणि थांबते. थांबली की टाच मारा, दोरी हलवा, झेनोफनचं नाव घ्या, हलत नसे. कोणी पुढं नाचल्याशिवाय वरात हलते का? पंधरा दिवस मी डोरन्स आणि हंट यांच्या पद्धतीनं तिला प्रश्न विचारले आणि उत्तराची वाट पाहिली. तिचं उत्तर तयार होतं. माझंच बाकी होतं.

म्हणून एके दिवशी, एकबुर्जीच्या रस्त्याला, दुतर्फा कोणी नाही असं पाहून, मी खाली उतरलो आणि नाचलो. 34 वर्षं नोटा मोजलेला माणूस, पांढऱ्या पायजम्यात, घोडीच्या पुढं उलटा चालत, हात वर करून. मैना खूष. दहा पावलं आली. थांबली. मी पुन्हा नाचलो. अशा रीतीनं दीड किलोमीटर आम्ही सामंजस्यानं गेलो आणि मला खरंच वाटलं, हेच ते, यालाच भागीदारी म्हणतात, तिनं एक पाऊल टाकायचं, आपण एक. वळणावर धरणाकडून येणारी एसटी उभी होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून सगळ्यांना नीट पाहू दिलं.

त्या आठवड्यात घरी बरेच लोक तब्येतीची चौकशी करायला आले.

रामनवमीला आम्ही नवरा-बायको पोहरादेवीच्या यात्रेला गेलो. आमच्या सालगड्याचं म्हणणं होतं की बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज, त्यांचा तोळाराम घोडा महाराजांच्या मनातलं ओळखायचा, तिथं माथा टेकून या, काहीतरी वाट निघेल. तिथं महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. मी त्यांची मांड पाहिली, सरळ पाठ, सैल हात. बायको म्हणाली, ‘‘पाहा, एवढे मोठे महाराज, पण लगाम आवळून नाही बसले.’’ मी म्हटलं तो पुतळा आहे. ती म्हणाली, ‘‘तुम्ही तं जित्तेपणी जास्त कडक बसता.’’ आणि ते खरं होतं. मी घोडीवर बसलो की श्वास रोखतो, मांड्या आवळतो, दात आवळतो. घोड्याला पाठीवरच्या माणसाचा श्वास कळतो. पाठीवर बसलेला माणूस घाबरलाय म्हणजे झुडपात वाघ असणार, एवढं साधं त्याचं गणित. मैना बिचारी महिनाभर वाघ शोधत होती.

आता वैशाखातला तो दिवस. त्याआधी थोडा इतिहास, कारण अब्रू जायची तर जरा इतिहासाच्या सोबतीनं जावी. आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 साली इथं सापडलेल्या ताम्रपटावरून त्या शाखेचा पत्ता लागला. याच घराण्यातल्या पहिल्या प्रवरसेनानं एक नाही, चार अश्वमेध केले. अश्वमेधात घोडा मोकळा सोडतात, तो जाईल तिकडं सैन्य मागं जातं, आणि त्यानं तुडवलेली जमीन राजाची होते. विचार केला तर घोड्याच्या कलानं घेण्याचा याहून जुना प्रयोग कुठला? यज्ञाच्या शेवटी घोड्याचं काय होतं ते मी मैनेला सांगितलेलं नाही.

तर त्या संध्याकाळी गावात कुठंतरी ब्रास बँड वाजला. मैनेनं मान वर केली, दोर सोडवला (गाठ माझी होती) आणि निघाली. मी लुंगी-बनियनवर होतो. मागं धावलो. प्रवरसेनाच्या घोड्यानं जिथं पाय ठेवला ते राज्य झालं. मैनेनं जिथं तोंड घातलं ते बिल झालं. एका हातगाडीवरच्या मेथीच्या सहा कोवळ्या जुड्या, पुसद नाक्याजवळ एका बैलगाडीतलं कुटार, एका फुलवाल्याचे झेंडूचे दोन हार. मी लुंगीच्या गाठीतून पैसे मोजत, माफी मागत धावत होतो, आणि पाटणी चौकाच्या अलीकडं वरात दिसली.

नवरदेव जमिनीवर उभा. घोडं ठरवलं होतं, आलं नव्हतं. सगळी मंडळी घामाघूम, बँडवाले तिसऱ्यांदा तेच गाणं वाजवत होते. आणि मैना, कपाळावर चांदणी, गळ्यात अर्धा खाल्लेला झेंडूचा हार, जाऊन नवरदेवाच्या उजव्या हाताशी उभी राहिली. अगदी अंदाज चुकू न देता. मागून मी, लुंगी वर धरलेली, धापा टाकत. फेटा बांधलेले नवरदेवाचे मामा माझ्या अंगावर आले. ‘‘काहून हो, काही वेळेचं भान हाये का नाई? सहाची वेळ देल्ती!’’

इथं कोणत्याही शहाण्या माणसानं खरं काय ते सांगितलं असतं. पण काउंटरच्या पलीकडून कोणी आवाज चढवला की माझ्या तोंडून एकच वाक्य निघतं, 34 वर्षांची सवय. मी म्हणालो, ‘‘माफ करा साहेब, जरा गर्दी होती.’’

पुढचा दीड तास मी त्या वरातीत घोडी धरून चाललो. आणि आता खरं सांगतो. तशी मैना मी कधी पाहिली नव्हती. माझ्या हातात दोरी होती, पण ती सैल लोंबत होती, तिला गरजच नव्हती. पोरांच्या पायात फटाके फुटत होते, वर भडक दिवे फिरत होते, पाठीवरचा नवरदेव माझ्याहून जास्त आवळून बसला होता, आणि ती एकेक पाय असा टाकत होती की गर्दीतल्या चार वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकलाही धक्का नाही. दहा पावलं. थांबा. मान वळवायची, कान माझ्याकडं. मी नुसता श्वास सोडला की पुन्हा दहा पावलं. मी तिला काही सांगत नव्हतो. सुचतही नव्हतं. मला लाज वाटायचीसुद्धा सवड नव्हती.

ती सवड मांडवाच्या दारात मिळाली. नवरदेव उतरला, मामांनी माझ्या हातात 500 रुपये आणि नारळ ठेवला, आणि तेवढ्यात वऱ्हाड्यांतून कोणीतरी हाक मारली, ‘‘साहेब?’’ आमच्या शाखेतला जुना शिपाई, आता झकास सफारीत. तो कितीतरी वेळ माझ्या लुंगीकडं, नारळाकडं आणि मैनेकडं पाहत राहिला. मग जवळ येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला,

‘‘साहेब, पेन्शनीत भागत नाई का?’’

वरातीमागून घोडं म्हणतात. मी त्या घोड्याच्याही मागून आलो होतो. चौथीतली जागा काही सुटली नाही.

आता नोव्हेंबरची गोष्ट सांगून थांबतो. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी फॉर्म भरला, खिशात ठेवला, आणि बँकेत जायच्या आधी शेतावर गेलो. त्या दिवशी शिकवायचं काही मनात नव्हतं. कुंपण तर केव्हाच संपलं होतं, चुलीत निम्मं आणि मैनेच्या पोटात निम्मं. बांधावर पाठ करून बसलो, तुरीला फूल आलं होतं ते पाहत. बराच वेळ गेला. मग मागून टापा ऐकू आल्या, हळू, एकेक. मी वळलो नाही. मानेवर ऊन श्वास आला, मिशांचे राठ केस कानाला टोचले, आणि तिनं आपलं जड डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. पूर्ण वजनानं. खालचा ओठ लोंबता. मी हललो नाही. खांदा भरून आला तरी हललो नाही. डोळेही जरा भरून आले. मॉन्टी रॉबर्ट्सनं पाठ फिरवायला सांगितलं होतं ते हेच तर. विंडसरच्या राणीनं जे पाहिलं ते इथं एकबुर्जीच्या रस्त्याला घडत होतं, आणि बघायला कोणी नव्हतं.

मग कागद फाटल्याचा आवाज आला.

खिशात सकाळी बायकोनं गुळाचा खडा ठेवला होता, मैनेला द्यायला. तो दाखल्यात गुंडाळलेला होता. मी हात घातला तेव्हा माझी फक्त सही शिल्लक होती.

बँकेत काउंटरवरच्या पोरीला मी सगळं खरं सांगितलं, घोडीनं हयात खाल्ली म्हणून. ती हसली नाही, शिकलेली पोरगी. म्हणाली, आता कागद लागत नाही काका, मोबाइलवर चेहरा दाखवला तरी होतं. मी चेहरा दाखवला. मोबाइलनं दोनदा नाकारला, माझ्या गालावर लाळ आणि गूळ वाळला होता. रुमालानं पुसला. तिसऱ्यांदा मी जिवंत निघालो.

तर असं आहे. तुळशीची लग्नं झाली, मुहूर्त सुरू झालेत, आणि मैनेनं यंदा चार तारखा घेतल्या आहेत. हिशेब बायको पाहते, चंदी-कडब्याचं भागतं. वाशिमात किंवा आसपास तुमच्याकडं कार्य असेल तर घरी निरोप ठेवा, आम्ही वेळेवर येऊ. घोडीपुढं नाचायला माणूस सोबत मिळेल. त्याचे वेगळे पैसे नाहीत.